बघू म्हणजे नाही

"सही तूच कर. तुझं आडनाव बघून कोण बोट ठेवणार?"

अंधेरीच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर, आमचे सर हसत बोलले. बाकीचेही हसले. मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

मी पर्यावरण कायद्यावर संशोधन करते. त्या संस्थेत नवीन होते, कंत्राटावर. घाटकोपरच्या डोंगरउतारावर दरडीच्या धोक्यात असलेल्या घरांबद्दल आमचा अहवाल वस्ती हलवण्याच्या केसमध्ये कोर्टात जाणार होता. त्याच वस्तीत मी जन्मले. आईपप्पा अजून तिथेच राहतात. घरोघर मीच फिरले. विचारलं, "माहुलला घर दिलं तर जाल का?" रिफायनरीच्या शेजारी, त्या धुरात. सगळ्यांचं एकच उत्तर, "बघू."

सरांनी लिहिलं, रहिवासी राजी आहेत.

अहो, बघू म्हणजे राजी? आमच्यात तोंडावर नाही म्हणायची सोयच नव्हती कधी. मुकादमाला नाही, साहेबाला नाही. म्हणून बघू. शाळेच्या सहलीला जाऊ का विचारलं की आई म्हणायची, बघू. मी समजायचे, विषय संपला.

भीती मलाही आहे. पाऊस जोरात लागला की आईला फोन करते, ती उचलेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. उतारावर राहायची हौस कोणाला आहे? पण लोक संरक्षक भिंत मागतायत, जवळपास घर मागतायत. त्यातलं एक अक्षर अहवालात नव्हतं. आणि खाली सही माझी. वस्तीतली बौद्ध पोरगी, तिनेच लिहून दिलं म्हणजे झालं. माझी जात त्यांना सहीपुरती हवी होती.

अहवाल सरांच्या टेबलावर परत ठेवला. आवाज फाटलाच, खोटं कशाला बोलू.

"सर, बघू म्हणजे नाही. मी सही करणार नाही."

आता कोणी हसलं नाही. "कंत्राट संपतंय ना तुझं?" सर एवढंच म्हणाले.

घरी सांगितलं तर पप्पांचा चेहराच उतरला. "कशाला नडलीस गं? मोठी माणसं ती. आपण कुठे पुरे पडणार?"

कंत्राट गेलं. अहवाल दुसऱ्याच्या सहीने कोर्टात गेला. अनोळखी नंबरवरून फोन आला तर अजून उचलत नाही, कोणी धमकावेल म्हणून. तरी परवा वस्तीच्या वकीलबाईंना जाऊन भेटले. म्हटलं, साक्ष मी देते. लोकांनी होकार दिलेला नाही, हे न्यायाधीशांसमोर मी सांगते. समोरचा वकील मला उभी फाडेल, माहीत आहे.

फाडू दे. मी जाणार.