वरच्या फळीवरचा माल

आमचे सासरे नानाशेठ गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. मुरबाडच्या बाजारात त्यांचं दुकान होतं, रस्त्यापासून दोन हात उंच, पुढे फळ्यांचा कठडा असलेल्या ओट्यावर. त्याच्या दगडी पायरीपाशी माणूस कसा उभा राहतो, यावरून तो काय मागणार हे त्यांना कळे. तोंडं सगळी खोटं बोलतात, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या सगळ्यांत माझंही तोंड धरलेलं होतं, हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं.

लढाईच्या दिवसांत मुंबईवर बॉम्ब पडणार अशी हूल उठली आणि मी बायकोला घेऊन सासुरवाडीला येऊन पडलो. बॉम्ब काही पडला नाही; मी मात्र पडलो तो वर्षभर उठलो नाही. गिरगावात एका कापडाच्या दुकानात काचेमागे माल मांडायचं काम मी करत असे. पहिल्याच जेवणाला मी मोठ्या ऐटीत तो विषय काढला. नानाशेठ भात कालवता कालवता म्हणाले, "काचंत ठेवता? का, मासं हायेत का ते, जावईबापू?"

'जावईबापू' हा शब्द ते असा उच्चारत, की त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

एक पाय पायरीवर, दुसरा रस्त्यात आणि हात पुढे, म्हणजे मीठ, काडेपेटी नाहीतर घासलेट. "ह्याच्याशी बोलत बसू नका," नानाशेठ सांगत. "तुमी बोलंपर्यंत तो शेजारच्या दुकानातनं घेल. त्याला काय, मीठ ते मीठ." वहाणा काढून दोन्ही पायांनी वर आला, की तो लुगडं, छत्री नाहीतर पितळेचा हंडा बघणार. "बसवा त्याला. पाच दुकानं फिरून आलाय, अजून पाच फिरंल. हंडा असा वाजवून बघंल, जसा काय भजनालाच न्यायचाय." आणि गुडघ्यापर्यंत धूळ असली, की तो कोयत्याचा. नानाशेठ एकाच लोहाराचे कोयते ठेवत, आणि त्यासाठी पार खर्डीकडची माणसं चालत येत. ते कोयते संपलेले असले तर दुसरा फुकट दिला तरी घेत नसत, तशीच मागे फिरत. नानाशेठ वाईट बोलत नसत ते एवढ्या एका जातीबद्दल. "येडा हाय, पन काय पायजे ते त्याला ठावं हाय. तुमच्या मुंबैत एक दाखवा असला."

मी मनात हसायचो. माल कसा लावावा हे काय पाय बघून ठरतं? आम्ही गिरगावात किमतीप्रमाणे लावत होतो.

सगळ्यात वरच्या फळीवर कोऱ्या पांढऱ्या मांजरपाटाचा एक तागा असे. त्याचं काय, म्हणून मी विचारलं तेव्हा नानाशेठ एवढंच म्हणाले, "तो ऱ्हाऊ द्या. तो माल आपण विकत नाय." न विकायचा माल दुकानात कशाला, असा मला प्रश्न पडला आणि उत्तरही माझं मलाच सुचलं: म्हातारा विसरलाय.

पौषात नानाशेठ म्हशाच्या जत्रेला गेले, बैलांच्या घुंगुरमाळा विकायला, चार दिवस. गाडीत बसताना म्हणाले, "जावईबापू, काय मांडू नका."

मी मांडलं. कापडावर सरकारी कंट्रोल आलेला, बाजारात मांजरपाटाची चिंधी मिळत नव्हती. मी तागा खाली काढला, झटकला आणि दुकानाच्या तोंडाशी ऐटीत उलगडून ठेवला. तासाभरात एक जंगलचा ठेकेदार आला आणि पलंगपोस शिवायला म्हणून अख्खा तागा घेऊन गेला.

"नानांना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"खूश होतील," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी सकाळी डोंगरातल्या पाड्यावरचा एक म्हातारा आला. पायरी चढला नाही. रस्त्यातच उभा राहून वर बघत राहिला.

"काय हवं, बाबा?" मी गिरगावच्या आवाजात विचारलं. तो बोलेना. "अहो, सांगितल्याशिवाय कसं कळणार? सदऱ्याला काही दाखवू? चौकड्याचं आहे, छान आहे."

"पांढरं," तो शेवटी म्हणाला.

"कशाला पण?"

त्याने खाली बघितलं. "भाऊस गेला."

बायकोने आतून येऊन मला दंडाला धरून मागे ओढलं. मग मी सहा दुकानं पळत फिरलो. कुठेच नव्हतं. एकाने तर विचारलं, "परवा तुमच्याच दारात उलगडला होता ना?" मी रिकाम्या हातांनी परत आलो, तोवर नानाशेठांची गाडी दारात लागली होती. त्यांनी म्हाताऱ्याचे पाय बघितले, मग फळी, मग मला.

ते तडक आत गेले. आमच्या पेटीतून माझं दिवाळसणाचं धोतर घेऊन आले. त्यांनीच दिलेलं, मी पाटलोणवाला, त्यामुळे चार वर्षं घडीसुद्धा मोडली नव्हती. त्याचे दोन्ही लाल काठ त्यांनी टराटरा फाडून काढले आणि उरलेलं पांढरं, खाली वाकून, दोन्ही हातांनी म्हाताऱ्याला दिलं. त्याने कनवटीला हात लावला. नानाशेठांनी नको म्हणून मान हलवली. 'येतो' असं तो म्हणाला नाही, 'या' असं हे म्हणाले नाहीत.

तो वळणाआड गेला तेव्हा कुठे नानाशेठ हलले. ते काठ उचलून त्यांनी माझ्या हातात ठेवले. "हे मांडा काचंत."

मी काठांची घडी घालायला लागलो.

"उतरा खाली. तो उभा व्हता तिथं."

मी उतरलो. अर्धा बाजार जावयाकडे बघत होता.

"काय दिसतं?"

मिठाचं पोतं, काडेपेट्या, हंडे, सगळं ओट्याच्या कठड्याआड गेलं होतं. "वरची फळी," मी म्हणालो.

"घरात मढं ठेवून आलेल्या मानसाला तोंड उघडाया लावायचं नसतं. त्यानं खालनं बगायचं, आपण वरनं काढून द्यायचं. झालं." पुढ्यात पडलेल्या चौकड्याच्या कापडाकडे त्यांनी बघितलं. "तुमी त्याला चौकड्याचं दाखवलंत?"

"हो."

"छान," म्हणाले आणि पाय धुवायला आत गेले.

मी दोन लाल काठ हातात धरून रस्त्यात उभा राहिलो. वर या, असं कोणी म्हणालं नाही, आणि त्या पायरीवर पाय ठेवायचा मला धीर होईना.