गणपतीचा पाट

कोपरीचं आमचं घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. ह्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले, तेव्हा आम्ही मानपाड्याला घर घेतलं. तिथे लिफ्ट आहे, पण खोली एकच, आणि स्वयंपाकघर असं की दोघांना एकदम वळायचं तर आधी बोलणी करावी लागतील. म्हणून महिनाभर आवराआवर चालली होती. हॉलमध्ये तीन ढीग होते: न्यायचं, द्यायचं आणि भंगार. कशाचं काय करायचं ते मी ठरवायची आणि हे उचलून ठेवायचे. पंगतीची पातेली, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं मी हसत देऊन टाकलं. वस्तूंत जीव अडकवणाऱ्या बायकांना मी नावं ठेवत आलेली आहे.

एका सकाळी ‘द्यायचं’च्या ढिगावर मला गणपतीचा पाट दिसला.

आमची रीत कोकणातली. आषाढात घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा आणि चतुर्थीला त्याच पाटावरून गणपती घरी आणायचा. पाट ज्याच्या घरून जातो, गणपती त्याच्या घरी येतो. सासरे गेल्यापासून तो आमच्या घरून जात होता आणि धाकटे दीर-जाऊ दर्शनाला यायचे.

“हा इथे कुणी ठेवला?” मी ह्यांना विचारलं.

“मीच. धाकट्याला फोन केला होता. त्यांचं घर मोठं आहे. यंदापासून गणपती त्यांच्याकडे.”

“आणि हे मला कधी सांगणार होतात?”

“अगं, तूच म्हणायचीस ना दरवर्षी, पुढच्या वर्षी माझ्याच्याने व्हायचं नाही म्हणून? मला वाटलं, तुला बरं वाटेल.”

खोटं नव्हतं. पाच दिवस गणपती बसतो आणि मी उभी असते, हे तर मी आल्यागेल्यालाही ऐकवायची. ऋषीची भाजी चिरताना कुरकुर, मोदकांचे नारळ खवताना कुरकुर. त्यात ह्यांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणंही घालून टाकलं होतं, की बाबा, आता धाकट्याकडे जा, राग मानू नकोस. देवाला विचारून झालं होतं, मलाच तेवढं विचारायचं राहिलं होतं.

दोन दिवस मी ह्यांच्याशी कामापुरतं बोलले. मनात मात्र पक्कं केलं. रविवारी दीर-जाऊ पाट न्यायला आले की सरळ सांगायचं, पलंग भिंतीला उभा करू, पण गणपती आमच्याकडेच बसेल.

रविवारी दोघं आली. जाऊ ठेवणीतली साडी नेसून आली होती, पाट गुंडाळायला नवं कापड घेऊन. मी तोंड उघडणार, तोच तिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

“वहिनी, मला ना जाम भीती वाटते हो. माझे मोदक फुटतात. कुणाला सांगू नका, पण फोन आल्यापासून मी रोज उकड काढतेय. पोरं आता मोदक बघितले की पळतात.”

मग तिने मोबाइलवर फोटो दाखवला. हॉलचा कोपरा. तिथलं लग्नातलं शोकेस तिने काढून टाकलं होतं आणि भिंत रंगवून घेतली होती. चतुर्थीला अजून तीन महिने होते.

पलंग भिंतीला उभा करायचं मग मी काढलंच नाही. इतकी वर्षं गणपती माझ्याकडे आला आणि तिने एकदाही ‘मला हवा’ असं म्हटलं नव्हतं. मी तिला उकडीच्या पाण्याचं प्रमाण सांगितलं, त्यात तूप कधी घालायचं ते सांगितलं. ‘न्यायचं’च्या ढिगातलं माझं मोदकपात्र काढून दिलं. मग पाट पुसला आणि तिच्या हातात ठेवला.

ती दोघं गेल्यावर मी चहा केला. हे म्हणाले, “सुटलीस ना एकदाची?”

“नाही,” मी म्हटलं. “मला सुटायचं नव्हतं.”

“मग इतकी वर्षं कुरकुर कशाला केलीस?”

“माझा होता म्हणून केली. आता जावेच्या घरी जाऊन मी कशाबद्दल कुरकुरायचं?”

ह्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “विचारायला हवं होतं मी तुला.”

“हो,” मी म्हटलं, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.