अशिलाची खुर्ची

कोणतंही काम हाती घेण्याआधी अर्जुनी मोरगावचा बकाराम सुतार एकच विचारायचा, इथं बसणार कोण? गोंदियात प्रेरणा वकीलबाईंच्या नव्या ऑफिसाचा नकाशा पाहून मात्र तो बुचकळ्यात पडला. सगळ्या केबिनी काचेच्या.

"बाई, अशिलाले रडू आलं तं तो कुठं रडन जी?"

बाई हसल्या. "माझ्यासमोर आजवर कोणी रडलं नाही, बकारामभाऊ."

"तुम्ही कागद पाहून राहता ना, तवा रडते."

शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या दाव्यात तो स्वतः अकरा वर्षं वकिलासमोर बसला होता. बाईंनी पेन्सिल त्याच्या हाती दिली.

अशिलाच्या खुर्चीमागे त्यानं काचेला सागवानी फळ्या लावायला घेतल्या. उंची मोजायला तो स्वतःच खुर्चीत बसला, आणि बराच वेळ उठला नाही.