लोलेंगच्या नाताची जाडी

"तुझा नाता विटेसारखा जाड नि माझा कागदासारखा! काय घालतेस गं त्यात, मेले?" सान पाब्लो गावात, भर अंगणात सिद्रा जावेवर ओरडली होती.

दोघी नारळाच्या पाण्याला विरजण लावून त्यावर नाता, म्हणजे ती पांढरी घट्ट साय, धरायच्या.

"अननसाचा रस घालते," लोलेंग म्हणाली. "आणि आठ दिवस हात आवरते. तुला कुठं जमायचं ते!"

खरं काय ते ही लपवतेय, असं सिद्राने धरलं. तिने रस दुप्पट केला, साखर वाढवली, केळंही कुस्करलं. पण जावेच्या पुढे गेले का, म्हणून रोज परातीवरचा कागद उचलून साय दाबून बघायची. हललेली साय बुडायची आणि वर नवी पातळ धरायची. तीस वर्षं हेच चाललं. त्या पापुद्र्यांचे सरबतात घालायचे चौकोन होईनात, म्हणून ती शेवयांसारख्या पट्ट्या कापून विकायची.

सिद्रा वारली त्याच्या आदल्या दिवशीही तिने बाजारात सरबतवाल्या तिबोयला शेवया नेऊन दिल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "तिचा किती जाड होता आज?"

"बोटभर, मावशी."

"कुणाच्या बोटानं?" म्हणाली, आणि घरी आली.