बाबांच्या शेजारची सीट

मिशिगनमधल्या ट्रॉय गावात घर घेतलं त्या वर्षी आमच्या ओळखीतल्या सगळ्यांनी नव्या गाड्या घेतल्या. मी एक गंजकी जीप घेतली. वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल, तेवढीच. उंच बॉनेट, दोन गोल दिवे, छप्पर नाही, दारं नाहीत, आणि तळाच्या पत्र्याला एवढं मोठं भोक की चालवताना पायाखालून पळणारा रस्ता दिसायचा. बायको ड्राइव्हवेमध्ये उभी राहून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लोक पुढे जायला अमेरिकेत येतात. आणि तुम्ही?"

तिचं काही चुकत नव्हतं. मी गाड्यांच्या धंद्यातला इंजिनियर, दिवसभर ड्रॉइंग बोर्डवर दारांच्या बिजागऱ्या काढणारा. शनिवारी कुणाच्या तरी घरी मराठी मंडळी जेवायला जमली की माझी ठरलेली चेष्टा व्हायची. "अरे यार, तू दारं डिझाइन करतोस आणि बिनदाराची गाडी ड्राइव्ह करतोस?" मी "हौस" म्हणून वेळ मारून न्यायचो. खरं कारण सांगायची लाज वाटायची. चौतीस वर्षांचा घोडा झालो होतो, आणि कारण होतं शाळकरी पोराचं.

माझे वडील पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते, तिकडे भंडारा जिल्ह्यात. एकतीस वर्षं त्यांनी अशीच जीप चालवली, अगदी ह्याच घडणीची. आणि त्या एकतीस वर्षांत आम्हा भावंडांपैकी एकानंही तिच्यात बूड टेकलं नाही. बाकीच्या ड्रायव्हरांची पोरं बाजाराला, लग्नाकार्याला खुशाल बसून जायची. आमचे बाबा संध्याकाळी जीप ऑफिसच्या आवारात लावायचे, पुसायचे, किल्ली जमा करायचे आणि सायकलवर घरी यायचे. "सरकारची गाडी हाये," एवढंच म्हणायचे. त्यापुढे बोलायची सोय नव्हती. आमच्या वस्तीतून सरकारी नोकरीत गेलेले ते पहिलेच. आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा मिळू नये, ही त्यांची धास्ती मला फार उशिरा कळली. लहानपणी मला नुसता राग यायचा.

मॅट्रिकच्या परीक्षेला मी पाच मैल चालत जात होतो. दुसऱ्या की तिसऱ्या पेपरच्या दिवशी मागून जीप आली. आवाजावरूनच ओळखली. वळून पाहिलं तर साहेब नव्हते, गाडी रिकामी. मला वाटलं, आज तरी थांबतील. बाबांनी गाडी हळू केली, अगदी बैलगाडीच्या चालीवर आणली, माझ्या कपड्यांवर धूळ उडू नये म्हणून. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे गेले. मी उरलेला रस्ता रडत गेलो आणि पेपर मात्र चांगला लिहिला.

तेव्हापासून मला एकच हवं होतं. बाबा जीप चालवतायत, मी शेजारी बसलोय, आणि आमच्या गप्पा चालल्यात. कुठे जायचं, किती लांब, ह्याचं मला काही नव्हतं. शिकलो, इथे आलो, नोकरी लागली, लग्न झालं, पण ती ओढ काही गेली नाही. कधी कधी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावताना उगाच उजवीकडच्या रिकाम्या सीटकडे बघत बसायचो.

म्हणून जीप. ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून ती घेतली, तो तिच्यापुढे फाळ लावून हिवाळ्यात बर्फ बाजूला सारायचा. मिशिगनमध्ये रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मीठ जे लोणच्याला मुरवतं तेच पत्र्यालाही मुरवतं. मी दीड वर्ष तिच्यामागे होतो. तळाला नवा पत्रा ठोकला, ब्रेक बदलले, भंगाराची जंकयार्डं धुंडाळून कार्बुरेटर आणला. पुस्तक समोर उघडं ठेवून करायचो सगळं, आणि पुस्तकावर काळ्या बोटांचे ठसे उठायचे. एवढं करूनही पहिला गिअर टाकला की दात कराकरा वाजायचे, आणि उन्हाच्या दिवशी वीस मिनिटं चालली की बया मध्येच बसायची. मग तासभर हलायची नाही. बिजागरी काढणाऱ्याला इंजिनातलं कळतंच असं नाही, हे मला त्या दीड वर्षात पुरतं समजलं.

बाबा जूनमध्ये आले. आई आधीच गेली होती, त्यामुळे एकटेच. विमानतळावरून घरी पोचलो तर आत न जाता ते थेट जीपपाशी गेले. देशातून आलेला प्रत्येक माणूस इथे पहिले काही दिवस चुकीच्या दाराशी जातो आणि स्टिअरिंग दिसलं नाही की ओशाळतो. बाबा एकटेच असे, की बरोबर डावीकडे गेले. त्यांची जीप डाव्या स्टिअरिंगचीच होती. तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळ जीपा तशाच असायच्या, आणि मागच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं रंगवलेलं असायचं. साहेब बसायचे उजवीकडे. बाबांनी बॉनेटवर तळवा ठेवला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "पोरीले मिठानं खाल्लं रे." मला इतका आनंद झाला की मी त्यांची बॅग गाडीतच विसरलो.

पुढचे तीन आठवडे बाबा गॅरेजमध्येच होते. सूनबाई चहा तिथेच नेऊन द्यायची. बाबा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. मी पुस्तक उघडलं की म्हणायचे, "ते ठेव बाजूले. तिले विचार." उन्हात बसायचं तिचं दुखणं तर त्यांनी एका दुपारी ओळखलं. पेट्रोलचा पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही इंजिनपर्यंत पोचत नाही. त्यांनी जुन्या टॉवेलची चिंधी ओली करून पंपावर गुंडाळली, पाच मिनिटं थांबले, आणि जीप सुरू. मी दीड वर्ष डोकं फोडलं होतं. "हे पुस्तकात नाही," मी म्हटलं. "पुस्तक लिवणारा उनात अडकला नसन," बाबा म्हणाले. ते तीन आठवडे मी आयुष्यात सगळ्यात सुखी होतो, असं आज वाटतं.

आता फक्त चालवायचं राहिलं होतं, आणि तिथेच घोडं अडलं. "लायसन कुठी हाये माह्यापाशी?" बाबा म्हणाले. मी सांगितलं, आपल्या गल्लीतल्या गल्लीत कोण विचारतंय. ते परत बॉनेटखाली वाकले. मी आठ दिवस विनवण्या केल्या, चिडलो, एकदा तर जेवणावरून उठलो. पालथ्या घड्यावर पाणी. मला तो रिकाम्या गाडीचा दिवस आठवायला लागला, आणि वाटलं की हा माणूस मला कधीच बसवून घेणार नाही.

शेवटी मी त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला फोन केला. त्याच्या मक्याच्या शेतातून ओढ्यापर्यंत एक मातीचा रस्ता जायचा. म्हणाला, हवं तेवढं फिरा, माझी जमीन आहे, माझा रस्ता आहे. बाबांनी दोनदा खात्री करून घेतली. "सरकारी तं नाही न? त्यानं आपल्या तोंडानं हाव म्हटलं न?" मग म्हणाले, "उद्या जाऊ."

सकाळी बघतो तर बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बुटांना पॉलिश करून तयार. शेतात जायला एवढा थाट कशाला, असं मनात आलं, पण मला निघायची घाई होती. शेतापर्यंत मी चालवलं. तिथे गोठ्यापाशी जागा बदलल्या. बाबांनी खिशातून रुमाल काढून समोरची काच पुसली आणि बसले. मी वळसा घालून उजवीकडे बसलो. शाळकरी पोरासारखा सरसावून बसलो आणि मला माझंच हसू आलं.

त्यांनी क्लच दोनदा दाबला आणि पहिला गिअर टाकला. आवाजच नाही. माझ्या हातात कराकरा ओरडणारी ती गाडी बाबांच्या हातात गुपचूप निघाली. मका गुडघ्यापेक्षा वर आला होता. ओढ्याच्या उताराला त्यांनी पुढच्या चाकांनाही जोर देणारा छोटा दांडा न बघता ओढला, पाण्यातून गाडी अलगद पलीकडे चढवली, एक शिंतोडा उडू दिला नाही. मी त्यांचे हात बघत होतो. एकतीस वर्षं हे हात रोज असे चालत होते आणि आम्हाला कधी दिसले नव्हते.

पण बाबा बोलेनात. पाठ ताठ, नजर समोर. मी विचारलं, धरणावरचा रस्ता असाच होता का? "हाव." गाडी बरी चालतेय ना? "हाव." तुम्हाला आठवतं का, माझ्या परीक्षेच्या वेळी... "हाव," म्हणाले, आणि पुन्हा समोर. मी आणखी दोन-चार गोष्टी काढून पाहिल्या. वीस वर्षं मी ज्या गप्पांची वाट पाहिली त्या काही केल्या सुरू होईनात. त्यांच्याशी साहेब बोलले तर ते उत्तर द्यायचे, एरवी तोंड उघडायचे नाहीत, एवढं मला माहीत होतं. मी बसलो होतो ती जागा कुणाची, हे डोक्यात शिरलं तेव्हा आम्ही परत फिरलो होतो, आणि माझं डोकं तापायला लागलं होतं.

गोठ्यापाशी गाडी थांबली. बाबांनी हँडब्रेक ओढला, झटकन उतरले, बॉनेटच्या पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि अर्धं पाऊल मागे सरून उभे राहिले. ताठ. दार नव्हतंच, तरी एक हात दार उघडून धरल्यासारखा. चेहऱ्यावर काहीतरी होतं. ते नीट बघायला मी थांबलो नाही.

"काय हे, बाबा!" मी ओरडलोच. "मी काय तुमचा साहेब आहे? लाज वाटते मला."

पलीकडे बादल्या धुणारा म्हातारा मान वर करून बघायला लागला. त्याला शब्द कळले नसतील, आवाज कळला. बाबांचा हात खाली आला. "नाही बा," ते हळूच म्हणाले. "सवय." मग मी चालवायला बसलो आणि ते माझ्या उजवीकडे. ट्रॉय येईपर्यंत मी गिअर कराकरा वाजवत राहिलो.

माफी त्याच रात्री मागायला हवी होती. उद्या मागू म्हटलं. मग आठवडाभर पाऊस, मग माझं ऑफिस, मग त्यांचं तिकीट. सप्टेंबरात ते परत गेले. जाताना मी म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा या, पुन्हा जाऊ तिकडे. "येतो न," म्हणाले. सगळं पुढच्या उन्हाळ्यावर टाकून मी मोकळा झालो. जीपवर ताडपत्री घातली. पण त्यानंतर मला बाबांची आठवण जितकी आली तितकी ते इतकी वर्षं तिकडे असताना कधी आली नव्हती. रविवारी गॅरेजमध्ये जाऊन नुसताच बसायचो. ओल्या चिंधीचा तो तुकडा वाळून कडक झाला होता, तो काही मी काढला नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी ड्राइव्हवेमधला बर्फ काढत होतो. बायकोनं दारातून हाक मारली. तिच्या आवाजावरूनच मी फावडं टाकलं. फोनवर बहीण होती. बाबा पहाटे झोपेतच गेले होते. मला यायला दोन-तीन दिवस लागणार म्हणून दुपारी सगळं आटोपून घेतलं होतं. ती रडत होती, मी बर्फाच्या बुटांनिशी स्वयंपाकघरात उभा होतो, आणि खाली पाण्याचं थारोळं होत होतं. मग ती म्हणाली, काकांना बोलायचंय. काका म्हणजे बाबांच्याच ऑफिसातले रिटायर पट्टेवाले, जीपमध्ये जन्मभर मागच्या बाकावर बसलेले.

काका मोठ्यानं बोलत होते, लाइन खराब होती. "बाबू, तू वाईट नको वाटून घेऊ. तुहा बाप लय समाधानानं गेला. अमेरिकेहून आला तवापासून विहारात एकच गोष्ट सांगे. म्हणे, एकतीस वर्स लोकायचे साहेब फिरवले, अन् रोज मनात म्हणो, एक दिवस माह्या घरचा साहेब शेजारी बसवीन. म्हणे, बसवला. गाडीतून उतरलो, त्याच्या बाजूनं गेलो, अन् सलाम ठोकाले उभा राह्यलो तसा."

काकांना वाटलं लाइन तुटली. "हॅलो? आयकून राहिला न?"

"ऐकतोय, काका."

"अन् म्हणे, तू खाली उतरला, हासला, अन् त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अख्ख्या वस्तीले सांगतलं त्यानं. असंच झालं न, बाबू?"

"हो काका," मी म्हटलं. "असंच झालं."