उजवी बाही

अतुल गजभियेच्या घरी अकरा शाली आहेत आणि त्यातली एकही थंडीच्या कामाची नाही. घेणाऱ्याला ऊब मिळावी म्हणून सत्काराची शाल कुणी देत नाही. अतुल घरी आला की शाल घडी घालून लोखंडी पेटीत टाकतो आणि त्याच पेटीवर बसून बुटाच्या लेस सोडतो.

अतुल कबड्डीचा खेळाडू. व्यावसायिक लीगमध्ये पाच हंगाम डावा कॉर्नर म्हणून खेळला, गुडघा गमावून परत आला आणि आता सौसरच्या क्रीडा संकुलात मुलींना शिकवतो. पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तेव्हा नव्या जिल्ह्याला कबड्डीची नवी समिती लागली, समितीला अध्यक्ष लागला आणि अध्यक्षाला भाषणात मिरवायला एक खेळाडू लागला. अध्यक्ष झाला पंकज, अतुलच्याच गावच्या, रामाकोन्याच्या यशवंतरावांचा मुलगा, संत्र्याचा मोठा व्यापारी. खेळाडू म्हणून अतुलच सापडला, कारण दुसरा होताच कोण?

दोघे एका शाळेतले, एका वर्गातले, एका संघातले. पंकजच्या भाषणात हे दरवेळी यायचंच. "हा कॉर्नर, अन् याच्या बाजूले मी. आमची साखळी कोणाच्या बापाले तुटली नाही." मग टाळ्या पडायच्या. अतुल मान खाली घालून बसायचा आणि लोक म्हणायचे, एवढा मोठा खेळाडू, पण किती नम्र! नम्र कसला? पंकजकडे बघताना चेहऱ्यावर जे उमटायचं ते लोकांना दिसू नये म्हणून तो मान खाली घालायचा.

खरी गोष्ट अशी होती. कबड्डीत कॉर्नर म्हणजे टोकाला उभा राहणारा माणूस. तो आणि त्याच्या शेजारचा, दोघं हातात हात धरून उभे राहतात. समोरचा चढाईला आला की शेजाऱ्यानं तळहात दाबायचा, कॉर्नरनं घोट्यावर झेप घ्यायची आणि शेजाऱ्यानं लगेच मागून भिडायचं. रामाकोन्याच्या शाळेत दत्तात्रय गुरुजींनी हे शिकवलं त्या दिवशी पंकजनं अतुलचा हात धरलाच नाही. त्यानं शर्टाची उजवी बाही धरली, दोन बोटांच्या चिमटीत, केरातली चिंधी उचलावी तशी. का, ते कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. यशवंतरावांच्या घरचं पोरगं बौद्ध मोहल्ल्यातल्या पोराचा घामेजलेला हात धरून चारचौघांत उभं राहणार नव्हतं. गुरुजींनी बाही पाहिली, चिमटी पाहिली आणि शिट्टी फुंकली. गुरुजींचा सगळा पराक्रम त्या शिट्टीत संपायचा.

अतुलनं घरी सांगितलं. त्याची आई शांताबाई दिवसभर संत्र्याच्या तोडणीवर राबून आली होती. ती म्हणाली, "बाही तं बाही. धरते ना? आमच्या टायमाले तं तेवढंही नोहतं." पोराची समजूत काढायलाच बोलली बिचारी. पण त्या दिवशी अतुलला पंकजपेक्षा आईचा जास्त राग आला, आणि पुढे मोठेपणी त्या रागाची लाज वाटली.

बाहीतून इशारा पोचत नाही. कापड ओढलं गेलंय की वाऱ्यानं हललंय हे कळेपर्यंत चढाईवाला रेषेपलीकडे गेलेला असतो. दोन-चार वेळा असं फसल्यावर अतुलनं वाट बघणं सोडलं. शेजारी कुणी नाहीच असं धरून तो एकटा झेपावायला लागला, एकटाच घोटा पकडायचा आणि दात-ओठ खात एकटाच लोंबकळायचा. शाळा सुटली, तालुक्याच्या संघात खेळून झालं, जिल्ह्याच्या संघात खेळून झालं, सवय तशीच राहिली. या सवयीनंच त्याला लीगमध्ये नेलं.

तिथल्या समालोचकांना तर पर्वणीच मिळाली. "एकांडा शिलेदार! कुणाच्या मदतीची गरजच नाही या पठ्ठ्याला!" कोटबिट घातलेली, केसाला चकाकी लावलेली ही शहाणी माणसं ओरडून ओरडून घसे बसवायची. एकानं मुलाखतीत विचारलं, हे धाडस कुठून आलं? अतुल म्हणाला, "गावातून." त्या माणसानं लगेच गावाकडची माती, मोकळी हवा आणि भाकरी यांच्यावर असं काही गुळमट प्रवचन झोडलं की अतुलला शिसारी आली. उचलली जीभ लावली टाळ्याला, यापलीकडे त्या माणसाला काही येत नव्हतं.

पाचव्या हंगामात एका निर्णायक चढाईच्या वेळी शेजारी हरियाणाचा एक पोरगा होता. त्यानं चांगला रुंद पंजा पुढे केला होता, अगदी मनापासून. अतुलला तो दिसलाही. पण बोटं वळलीच नाहीत. तो एकटा झेपावला, ऐंशी किलोचा गडी त्याच्या गुडघ्यावर कोसळला आणि आतून काहीतरी कडकन तुटलं. दवाखान्यात तो पोरगा रडत होता, "भैया, मैं तो खड़ा था ना." तो उभा होताच. अतुललाच कुणाचा हात धरता येत नव्हता, आणि हे समजेपर्यंत त्याचा खेळ संपला होता.

म्हणून सौसरला शिकवायला लागल्यावर त्यानं पहिले पंधरा दिवस मुलींना दुसरं काही शिकवलंच नाही. फक्त हात धरायचे. डोळे मिटून धरायचे, घाम आला तरी धरायचे, दाबला की निघायचं. पालकांनी कुरकुर केली, कबड्डी शिकवता की फुगडी? एका शहाण्यानं तर समितीकडे लेखी तक्रार दिली. अतुलनं पंधरा दिवस पुरे केले. गाढवाला गुळाची चव काय?

त्या मुलींत पंकजची मुलगी श्रुती होती, सहावीतली. ती उभी राहायची बोरगावच्या एका शेतमजुराच्या मुलीशेजारी, आणि दोघींची साखळी अशी घट्ट की चढाईवाल्या मुली त्या बाजूला जायलाच घाबरायच्या. पंकजला याचा पत्ता नव्हता. अध्यक्ष सरावाला कशाला येतील? ते फक्त हारतुऱ्यांच्या वेळी यायचे.

यंदा पंकजच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. संकुलाच्या दर्शनी भिंतीवर मोठं चित्र काढायचं, पंकज आणि अतुल हातात हात धरून, वर लिहायचं 'आमची साखळी'. अतुलनं फक्त मंचावर सगळ्यांसमोर होकार द्यायचा. नेमका त्याच आठवड्यात अतुलचा वर्षाचा करार संपत होता आणि नव्या कागदावर अध्यक्षांची सही व्हायची होती. सही नाही तर नोकरी नाही, आणि या मोडक्या गुडघ्याला दुसरं कोण दारात उभं करणार?

बायको करुणा शहाणी होती. तिला बाहीची गोष्ट ठाऊक होती. ती म्हणाली, "सही होयेस्तोर मान हालवा. मंग पाहू."

"मान हालवली का भिंतीवर ते खरंच होऊन जाते," अतुल म्हणाला.

"भिंत काय, दोन पावसाळ्यात धुवून जाते," करुणा म्हणाली. मान हलवायची असं अतुलनं ठरवलं आणि ठरवल्यापासून त्याला स्वतःचीच किळस यायला लागली.

कार्यक्रम सकाळी झाला. बारावी शाल आली, नारळ आला, पंकजचं भाषण आलं. साखळी, बापाले तुटली नाही, टाळ्या. मग पंकजनं विचारलं, "काढायचं ना मंग भाऊ, आपलं चित्र?" अतुलनं मान हलवली.

तेवढ्यावर थांबला असता तर पंकज जिंकला होता. पण हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला उतरायचं भान राहत नाही. "पोरींनो, तुमच्या सरांची अन् माही जोडी कशी उभी राहे, ते दाखवतो," म्हणत तो बूट काढून मॅटवर आला. समोर ओळीनं मुली बसल्या होत्या. अतुल उठला, टोकाला जाऊन वाकून उभा राहिला आणि त्यानं उजवा हात पुढे केला.

पंकजही वाकला. समोर बघत, तोंडभर हसत, त्याचा डावा हात आपसूक गेला आणि अतुलच्या ट्रॅकसूटची बाही दोन बोटांच्या चिमटीत पकडून थांबला. पंचवीस वर्षांत ती बोटं काही विसरली नव्हती. अतुलचा पंजा तसाच रिकामा राहिला.

"बाबा, बाही नोका धरू," श्रुती खालून म्हणाली. "हात धरा. बाही सुटते. सर पहिल्याच दिवशी सांगतेत."

बोरगावची ती मुलगी श्रुतीच्या शेजारीच बसली होती. तिनं चिमटीकडे पाहिलं, मग अतुलच्या रिकाम्या हाताकडे, आणि तिला जे कळायचं ते कळलं. तिनं मान खाली घातली, हुबेहूब अतुलसारखी.

पंकज ओशाळं हसला, त्यानं घाईघाईनं हात धरला, फोटो निघाले. जाताना म्हणाला, "संध्याकाळी ये घरी, सही करून देतो."

दुपारी पेंटर गजानन शिडी लावून भिंतीवर खडूनं आकृत्या काढत होता. अतुल खाली जाऊन उभा राहिला.

"गजाननभाऊ, एक बदल करा. त्याचा हात माह्या हातात नोका काढू. बाहीवर काढा. दोन बोटं."

गजानन वरून बघत राहिला. तोही रामाकोन्याच्याच शाळेत शिकला होता. "अध्यक्ष पाहतीन ना, भाऊ."

"पाहावं म्हणूनच सांगून राहिलो."

"अन् तुमचा कागद?"

अतुलनं जुळलेल्या हातांकडे बोट दाखवलं. गजाननानं खिशातून फडकं काढलं आणि दोन आकृत्यांमधले जुळलेले हात पुसून टाकले.

"कोनती बाही?"

"उजवी," अतुल म्हणाला, आणि चिमटी पुरी होईपर्यंत शिडी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.