पालथे सम्राट

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपास मी अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडी करत होतो. तिथे महिन्यातून एका रविवारी शाळेच्या हॉलमध्ये जुन्या नाण्यांचा बाजार भरायचा. कोपऱ्यातल्या टेबलावर बोटं कापलेले लोकरी हातमोजे घालून एक गोरी म्हातारी बसायची. तिच्याकडे रोमन विजयांची काशाची नाणी असायची. एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला जिंकलेला देश, म्हणजे डोक्याला हात लावून बसलेली एक बाई. बाकीचे विक्रेते सम्राट वर ठेवायचे. हिच्या टेबलावर सगळे सम्राट पालथे! कुणी नाणं उलटलं, की ती करंगळीनं ते परत पालथं घालायची.

तिच्या डब्यांवरही हरलेल्या देशांचीच नावं होती. गिऱ्हाइकानं सम्राटाचं नाव घेतलं, की म्हणायची, “त्यानं हरवलं कुणाला ते सांग, मग शोधते.”

एकदा एक टायवाला भडकला. “अहो बाई, जिंकला तो आहे!”

“जिंकला ना,” तिनं हातातला डबा बंद केला. “पण ते जगाला दाखवायला त्याला नाण्यावरची ही बाईच लागली.”

तो तणतणत निघून गेला. मी पुढे झालो आणि डब्यावरचं हरलेल्या देशाचं नाव मोठ्यानं वाचलं, “डेशिया.” तिनं डबा उघडला.

त्यातलं मी विकत घेतलेलं नाणं आज माझ्या टेबलावर आहे. घरी आलेले लोक ते हातात घेतात आणि ठेवताना हटकून सम्राट वर ठेवतात. मी वाद घालत नाही. त्यांच्यादेखत, करंगळीनं, त्याला पालथा पाडतो.